शंका आली तर पुसा

कुंदाताई मेश्राम संगणकावर नवी ओळ लिहायला घेत, तेव्हा आधी डाव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटवून पडद्याच्या कडेशी उभी ठेवत. मग उजव्या अंगठ्यानं मोकळी जागा सोडायची ती लांबट कळ चार वेळा दाबत आणि मोठ्यानं मोजत, “एक, दोन, तीन, चार.” मोजून झालं की बोटं उचलायची आणि तिथून लिहायला लागायचं. पातेल्यात तांदळावर पाणी किती चढलं ते बोटाच्या पेरानं बघावं, तितक्या सहज हे चाले. त्यामुळे आमच्या शाळेतल्या त्या संगणकाच्या काचेवर डावीकडे चार बोटांचे तेलकट ठसे कायम असत. देवाजी शिपाई रोज सकाळी ते पुसायचा. दुपारपर्यंत चौघेही परत हजर.

पुढं ही खोड त्यांच्या हातातच मुरली. रजेचा अर्ज असो, फळ्यावरची सूचना असो, सगळं चार बोटं आत सरकलेलं. एकदा मुख्याध्यापक वैतागून म्हणाले, “मॅडम, एवढा कागद वाया का घालवता?”

कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, “मोकळी जागा वाया नसते जी सर. धुरा हाय तो. धुरा नसन तं पाणी कोणाच्या बांधीत गेलं ते समजन का?”

मुख्याध्यापक सांगलीकडचे. त्यांना धुरा म्हणजे बांध आणि बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा, हे मी बाजूला घेऊन सांगितलं. तरी रजेच्या अर्जात धानाचं काय काम, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हे आसगावचं हायस्कूल. पवनी तालुका, तिन्ही बाजूंना धान आणि चौथ्या बाजूला रस्ता. मी तिथे मराठी शिकवायचो. कुंदाताई कनिष्ठ लिपिक म्हणून आल्या तेव्हा भंडारा जिल्हा फुटून थोडीच वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा निघाला, माझी सासुरवाडी एका सहीसरशी परजिल्ह्यात गेली आणि घरात शांतता नांदू लागली, म्हणून मला तो काळ नीट लक्षात आहे.

त्यांची-माझी ओळख भांडणानं झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी देवाजीच्या हाती मला वर्गात चिठ्ठी पाठवली: ‘सर, तुमाले साहेबानं बलावलं.’ माझ्या खिशाला लाल पेन होतं आणि अंगात मराठीचा शिक्षक. मी ‘तुमाले’ खोडून ‘तुम्हाला’ केलं, ‘बलावलं’ खोडून ‘बोलावलं आहे’ केलं, समासात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारला आणि चिठ्ठी परत पाठवली. पाच मिनिटांत ती पुन्हा माझ्या टेबलावर. खाली नवी ओळ: ‘निरोप समजला ना? मंग लाल शाई काहून खर्च केली?’

मी वर्गात एकटाच हसलो. पोरांना वाटलं, सरांना वेड लागलं. त्या नादात मुख्याध्यापकसाहेबांकडे जायचं राहून गेलं आणि त्याबद्दल वेगळी बोलणी खावी लागली.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तुमसरचा. धानाच्या गिरणीतल्या हमालाचा मुलगा. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे माझ्या आईच्या दुधातलं. पण मास्तरकी शिकायला पुण्याला गेलो, वसतिगृहातल्या मुलांनी पहिल्या आठवड्यात माझ्या ‘मले भूक लागली’ची नक्कल करून जेवणघर हसवलं, आणि मी ठरवलं की हा ‘ले’ जिभेवरून कायमचा घालवायचा. घालवला. इतका की दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथल्या नाटकात राजाचं काम हमखास मला मिळायचं; असं शुद्ध बोलणारा दुसरा कोणी पंचक्रोशीत नव्हता. नाटकात मी तीन वेळा तलवारीनं आणि एकदा विषानं मेलो आहे, आणि मरताना एकदाही माझा अनुस्वार चुकला नाही.

कुंदाताई बारीक होत्या, डोळे पिवळसर, चालणं जपून. त्यांना लहानपणापासून सिकलसेल होता. आमच्या भागात घराघरात हा शब्द माहीत आहे: रक्तातल्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात आणि अंगात कळा सुरू होतात. गार पाण्यानं तर हटकून. त्यामुळे आई मुक्ताबाई रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहायची आणि ही धुऱ्यावर बसून बघायची. “माहं रक्तच विळ्यावानी वाकडं,” त्या म्हणत. “बांधीत उतरायच्या आधीच कापणी सुरू करते.” आणि स्वतःच हसत. त्यांच्या आजारावरचे विनोद त्या कोणाला करू देत नसत. ते सगळे त्यांनीच करून ठेवले होते.

शाळेला संगणक मिळाले तेव्हा त्यांना आधी हार घातले गेले, मग प्लास्टिकच्या खोळी, मग खोलीला कुलूप. किल्ली लिपिकाकडे. लिपिकानं एक दिवस खोळ काढली, एवढाच त्या क्रांतीचा इतिहास. कुठून तरी फुकट मिळालेलं एक पुस्तक छापून घेऊन, दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, कुंदाताई पायथन शिकल्या. पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा. जगभर लोक तिच्यात हिशेबापासून हवामानापर्यंत काय वाटेल ते लिहितात. मुख्याध्यापकांना कोणीतरी सांगितलं की पायथन म्हणजे अजगर. ते धावत आले.

“मॅडम, शाळेत अजगर?”

“चावत नाही जी. फक्त धुरा चुकला तं फुसफुसते.”

धुऱ्याचं मर्म मला नंतर कळलं. या भाषेत ओळ किती आत सरकवली आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. एकदा त्यांनी नववीच्या वर्गाला शाळेमागच्या बांधीवर नेलं. मीही मागून गेलो, टिंगल करायला. कुंदाताई धुऱ्यावर उभ्या राहून सांगत होत्या, “हे पाहा पोट्टेहो. ‘पाऊस आला तर’, असं बांधीच्या तोंडाशी लिहिलं. आता पाऊस आल्यावर जे जे करायचं ते समदं ह्या धुऱ्याच्या आत. बाहेर लिहिलं तं पाऊस येवो का न येवो, ते होणारच. मंग म्हणू नका, संगणक येडा हाय.” टिंगल करायला गेलेला मी धड्याची टिपणं काढून परत आलो.

एकदा मी म्हटलं, “हे सगळं फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार.”

“तुमच्या मंडईतल्या नाटकाचा पडदा कोण ओढते?”

“ज्याला नाटक व्हावंसं वाटतं तो.”

“अन् दोर तुटला तं?”

“ज्याला दिसला तो गाठ मारतो.”

“मंग हे तसंच हाय जी. समद्यायले दिसन असं उघडं लिहून ठेवलं असते. ज्याले तुटलेलं दिसलं त्यानं गाठ मारायची, अन् नाव लिहून ठेवायचं, का ही गाठ माही.” थोडं थांबून म्हणाल्या, “मले रोवणा जमला नाही. माय तिकडं रोवते, मी इकडं रोवते. चार बोटं सोडून.”

पुढं पायथनची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात मराठी अक्षरं सरळ लिहिता येऊ लागली. त्याआधी मराठी शब्द घातला की पडद्यावर आकड्यांचा भुसा पडायचा. त्या दिवशी कुंदाताईंनी देवाजीसकट सगळ्यांना चिवडा वाटला. “आता संगणकाले ‘बांधी’ म्हणलं तं समजते,” म्हणाल्या.

आणि मग त्या आईच्या गोष्टी टंकायला बसल्या. मुक्ताबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या पोटात गोष्टींचं कोठार होतं: तळ्यातली म्हातारी मासोळी, रोवणीला आलेल्या सात जणी आणि आठवी कोण ते कोणालाच माहीत नाही. संगणकात एक शब्दतपासनीस होता. तोही पायथनमध्येच, तोही असाच गाठी मारून उभा केलेला, फुकटचा. चुकलेल्या शब्दाखाली तो लाल रेघ ओढायचा. मुक्ताबाईंच्या पहिल्या गोष्टीखाली त्यानं अशा रेघा ओढल्या की पान भाजल्यासारखं दिसायला लागलं.

कुंदाताई ते पान घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“सर, माही माय जन्मात पहिल्यांदा कागदावर आली, अन् हा म्हणते, निरी चूक. ‘मायले’ चूक, ‘काहून’ चूक.”

“ती चूक नाही, बोली आहे. पण यंत्राला काय कळणार?”

“यंत्राले कोणी शिकवलं?”

“माणसांनी.”

“मंग माणसाले सांगता येते.” आणि माझ्या खिशाच्या लाल पेनकडे बघत म्हणाल्या, “तुमाले बी कोणीतरी शिकवलंच असन.”

त्या प्रकल्पाचा सांभाळ करणारा माणूस कुठेतरी परदेशात राहत होता, मराठीच होता. कुंदाताईंनी त्याला लिहिलं. त्याचं सभ्य उत्तर आलं: तुमच्या बोलीचे शब्द आणि प्रत्यय पाठवा, प्रत्येकाला एक वाक्य आणि अर्थ द्या, तपासून घेऊ, नवी आवृत्ती पुढच्या दिवाळीच्या आत निघेल, त्याआधी आलं तर तिच्यात जाईल. कुंदाताईंना एवढंच हवं होतं. आईच्या पानावरच्या लाल रेघा गेलेल्या त्यांना बघायच्या होत्या, आणि आईला दाखवायच्या होत्या. “तिले वाचता नाही येत,” म्हणाल्या, “पण लाल रंग दिसते ना.”

वर्षभर त्यांनी शब्द गोळा केले. त्यांचा एक नियम होता: आपल्या डोक्यातला एकही शब्द घालायचा नाही. जो बोलतो त्याच्याकडून घ्यायचा. पवनीच्या बाजारात, एसटीत, रोवणीच्या धुऱ्यावर, जिथं जातील तिथं वही. एकदा त्यासाठी तुमसरला माझ्या घरी आल्या, माझ्या आईजवळ बसल्या. आई त्यांच्याशी अशी मोकळी बोलली, जशी माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी चहा घेऊन आत आलो तशी आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्याले पुण्याले पाठवलं तं ह्याचा ‘ले’ तिकडंच राह्यला. जाजो कधी घ्याले.” कुंदाताईंनी ते वाक्यही वहीत उतरवून घेतलं. मी बशी कपावर ठेवली, खरं म्हणजे कप बशीवर ठेवायचा असतो.

यादी पुरी होत आली आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यांना कळा सुरू झाल्या. या वेळी नागपूरला न्यावं लागलं. जायच्या सकाळी त्या शाळेत आल्या, खुर्चीचा हात धरून बसल्या, सगळं उघडं करून ठेवलं आणि पाठवायचं कसं ते मला दाखवलं. संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. चार बोटं सोडून लिहिलेली:

‘सर, पहिलं पान शुद्ध करून घ्या. बाकीच्यात “ले”ची शंका आली तर पुसा. मग पाठवा.’

आता मी काय केलं ते ऐका. पहिलं पान, म्हणजे त्या परदेशातल्या माणसाला लिहिलेलं पत्र, मी मनासारखं शुद्ध केलं. मग खाली गेलो. खाली ‘ले’च ‘ले’. आणि मला तर शंका आली. एका ठिकाणी नव्हे, प्रत्येक ठिकाणी आली. वीस वर्षांची सवय होती. बाईंनी तर स्वच्छ लिहून ठेवलं होतं, शंका आली तर पुसा. पण नुसतं पुसलं तर ‘मले’चा उरणार ‘म’. म्हणून मी उदारपणे ठरवलं, ‘ले’ पुसायचा आणि तिथं ‘ला’ ठेवायचा. पायथनमधला एकच हुकूम मला येत होता, त्यांनीच शिकवलेला: हे काढ आणि त्याजागी ते घाल. नाटकाच्या संहितेत राजाचं नाव बदलायला मी तो एकदा वापरला होता. मी चार बोटं पडद्यावर ठेवली, का ते मला माहीत नव्हतं, पण ठेवली. हुकूम लिहिला. कळ दाबली. पापणी लवायच्या आत वर्षभराची वही शुद्ध झाली. मी ती पाठवली आणि स्वतःवर खूश होऊन देवाजीला चहा सांगितला.

चार दिवसांनी उत्तर आलं. आदरणीय कुंदाताई, अशी सुरुवात. पुढं: “आपल्या यादीतले काही शब्द समजले नाहीत. ‘लाकरू’ म्हणजे कोणता प्राणी? ‘लाखणी’ हा तुमच्याकडचा तालुका की लिहायचं साधन? ‘कलाक्टर’ कोण असतात? ‘शिकलाला’ हे कोणतं रूप? शिवाय ज्या ‘ले’साठी आपण ही यादी करत होता, तो यादीत एकदाही आढळला नाही. आवृत्ती आज बंद करतो आहे. यावेळी हे घेता येणार नाही, क्षमस्व.”

मी ते तीनदा वाचलं. हुकमाला काय कळणार कुठला ‘ले’ प्रत्ययाचा आणि कुठला शब्दाच्या पोटातला! त्यानं लेकरूचं लाकरू केलं, लेखणीची लाखणी केली, कलेक्टरसाहेबांची बदली केली. आणि जो एक खरा ‘ले’ होता, तो मी मारला. अख्ख्या जगाला दिसेल अशा ठिकाणी, कुंदाताईंच्या नावानं.

नागपूरला फोन केला. सगळं सांगितलं.

“पण ताई,” मी म्हणालो, “तुम्हीच तर लिहून ठेवलं होतं, पुसा म्हणून.”

“सर... मले पुसा, म्हणलं जी. मले. पुसा म्हणजे विचारा!”

तुमसरच्या बाजारात मी लहानाचा मोठा झालो ते ‘जा, भाव पुसून ये’ ऐकत. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. कुंदाताई तोंडानं बोलल्या असत्या तर कळलंही असतं. पण ते लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं सगळं मी पुण्याच्या डोळ्यांनी वाचायचो. त्या चिठ्ठीत बाईंनी माझ्यासाठी मुद्दाम सगळं शुद्ध लिहिलं होतं. एकच शब्द त्यांच्या घरचा राहून गेला होता. माझ्याही घरचा.

पलीकडून विचित्र आवाज येऊ लागला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. “कलाक्टर!” म्हणत होत्या, आणि कळ आली की “माय वो” म्हणत होत्या, आणि परत “लाकरू!” नर्सनं फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. “सर, बसा संगणकासमोर. रडू नका, कळा भिजतील. पुसलेलं परत येते जी. हेच तं ह्या कामाची मजा हाय. मागचं समदं ठेवलं असते, कोणी कधी काय बदललं, नावासकट.” दोन दुपारी त्यांनी मला एकेक पाऊल सांगितलं. मी प्रत्येक वेळी आधी विचारायचो, “दाबू?” त्या म्हणायच्या, “दाबा. पुसलं ते बरं केलं.” दुसऱ्या दुपारी पडद्यावर परत ‘मले’ आलं, ‘तुले’ आलं, माझ्या आईचं वाक्य आलं. मी नव्यानं सगळं पाठवलं आणि सोबत सर्वांना दिसेल असं लिहिलं: आधीची चूक कुंदा मेश्राम यांची नाही, ती माझी आहे, मी मराठीचा शिक्षक आहे. खाली पूर्ण नाव. आयुष्यात एवढं छोटं आणि एवढं जड स्वगत मी म्हटलं नव्हतं.

पण आवृत्ती निघून गेली होती. पुढची उन्हाळ्यात.

“उन्हाळा काही दूर नाही,” मी म्हणालो.

“नाही ना,” त्या म्हणाल्या. एवढंच. मला दोष देणारा एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर मला बरं झालं असतं.

दिवाळीनंतर त्या घरी आल्या. मंडईत माझं नाटक होतं, त्या पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बसल्या, आणि मी विष प्यायल्यावर मोठ्यानं म्हणाल्या, “आधी पुसून घ्या लागत होतं, महाराज!” अख्खा मांडव हसला. मी मेलेला होतो, तरी हसलो.

पौषातली थंडी होती. सकाळी शाळेत फोन आला, मीच उचलला. “सर, संगणकाच्या खोलीले कुलूप लावू नका. मी येऊन राहिली.” आवाज बरा होता. मी खोली उघडली, खुर्ची पुसली, खिडकीतून ऊन त्यांच्या जागेवर पडेल असा पडदा सारला. पहिला तास झाला, दुसरा झाला. मधल्या सुट्टीत देवाजी दारात येऊन उभा राहिला.

घराच्या उंबऱ्यातच त्यांना कळ आली होती. भंडाऱ्याकडे नेलं, वाटेतच संपलं. मुक्ताबाई मला एवढंच म्हणाल्या, “निघाली होती जी शाळेत. चप्पल बी घातली होती.” पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धाच्या तसबिरीसमोर वंदना झाली, सगळे दोन शब्द बोलले. मलाही उभं केलं. मी हात जोडले आणि खाली बसलो.

त्या दूरच्या माणसाला मी कळवलं नाही. रोज ठरवायचो, रोज टाळायचो. उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं, कुंदाताईंच्याच नावानं. यादी घेतली आहे, आभार. लाल रेघा जातील. फक्त एक शंका: “उदाहरणांमध्ये ‘मी येऊन राहिली’ असं वाक्य आहे, अर्थाची जागा रिकामी आहे. ‘आली आणि राहिली’ असा अर्थ घ्यायचा का? म्हणजे ती पोचली, असंच ना?”

उत्तर मला माहीत होतं. पण नियम होता: आपल्या डोक्यातलं घालायचं नाही, जो बोलतो त्याच्याकडून घ्यायचं. मी मुक्ताबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. दाराशी कुंदाताईंची चप्पल तशीच होती.

“मावशी, एक पुसायचं होतं.”

“पुसा जी.”

“‘येऊन राहिली’ म्हणजे काय? आली, असं ना?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतो. “आली कशी? येऊन राहिली म्हणजे वाटंवर हाय. अजून आली नाही.” सूप दोनदा हललं. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “पण निघाली तं हाय.”

मी शाळेत परत आलो. त्यांच्या खुर्चीवर बसलो, डाव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली, मोठ्यानं मोजलं आणि अर्थाच्या रिकाम्या जागी मुक्ताबाईंनी सांगितलं तसं लिहिलं: ‘वाटेवर आहे. अजून आली नाही. पण निघाली आहे.’ त्याखाली त्या माणसाला कुंदाताईंचं कळवायचं होतं. ते लिहायला फार वेळ लागला.

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. मी मुक्ताबाईंना आणून त्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या गोष्टीचं पान उघडलं. सात जणी रोवणीला उभ्या होत्या, आठवी कोण ते अजून कोणाला माहीत नव्हतं, आणि पानावर लाल असं काही नव्हतं. मुक्ताबाई बराच वेळ बघत राहिल्या. काचेवर डावीकडे चार बोटांचे ठसे होते. ते माझे होते, पण त्यांनी आपली चार बोटं त्यांवर नीट बसवून पाहिली. मग उठल्या आणि गेल्या.

शाळा सुटायच्या वेळी देवाजी किल्ल्या आणि फडकं घेऊन आला. ठशांकडे बघून म्हणाला, “सर, काच पुसून घेऊ जी?”

“नोको,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. “मले पुसल्याबिगर इथलं काहीच पुसू नोको.”